विश्लेषण : डार्विनचा धडा जीवशास्त्राच्या पुस्तकात का मावत नाही?

मार्च २००६ मध्ये 'नासा'ने 'स्पेस टेक्नॉलॉजी ५' या मोहिमेतले तीन छोटे उपग्रह अवकाशात सोडले. त्यांच्यावरचा एक अँटेना पाहिलात तर वाटेल, लांबलेल्या मीटिंगमध्ये कुणीतरी कंटाळून पेपरक्लिप वाकडीतिकडी केली आहे. सममिती नाही, सरळ कोन नाही, नुसता तारेचा गुंता. आणि हा आकार कुठल्याही इंजिनीअरने काढलेला नव्हता.

'नासा'च्या एम्स संशोधन केंद्रातल्या टीमने कॉम्प्युटरला एवढंच सांगितलं होतं, की अँटेना इतक्या जागेत मावला पाहिजे आणि अमुक दिशांना अमुक इतका सिग्नल पोचला पाहिजे. कॉम्प्युटरने तारा कशाही वाकवून ढीगभर आकार तयार केले. प्रत्येकाची सिम्युलेशनमध्ये चाचणी घेतली. बरे निघाले ते ठेवले, बाकीचे टाकले. ठेवलेल्यांची सरमिसळ केली, त्यात थोडे बदल केले आणि पुन्हा चाचणी. असं पिढ्यानपिढ्या. मध्येच उपग्रहांची नियोजित कक्षा बदलली, तेव्हा नव्या अटी घालून हीच प्रक्रिया पुन्हा चालवली गेली आणि काही आठवड्यांत नवा अँटेना हातात आला.

मग या अँटेनाचा डिझायनर कोण?

हा प्रश्न तसा २००६ चा नाही, १८५९ चा आहे. पण आपल्याकडे डार्विनचं नाव निघालं की चर्चा माकडावर येऊन थांबते. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते, की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून काढला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढलं. पुढे 'एनसीईआरटी'च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' हा धडा नुसता 'आनुवंशिकता' झाला. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरोधात पत्र लिहिलं. त्यावर मिळालेलं उत्तर असं, की ज्यांना हवं त्यांना बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच.

माझ्या मते सगळी गडबड या उत्तरातच आहे. उत्क्रांती हा फक्त जीवशास्त्र घेणाऱ्यांचा विषय आहे, हे त्यात गृहीत धरलं आहे. डार्विनने जी गोष्ट मोडली ती जीवशास्त्रापुरती नव्हती. उत्तम रचना दिसली की ती आधी कुणाच्या तरी डोक्यात असलीच पाहिजे, ही समजूत त्याने मोडली. तिच्यावर तत्त्वज्ञान उभं होतं, कादंबरीची कथानकं उभी होती आणि इंजिनीअरिंगही उभं होतं.

घड्याळ सापडलं, घड्याळजी कुठे आहे?

ही समजूत बावळट नव्हती, हे आधी मान्य करू. विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूने १८०२ मध्ये 'नॅचरल थिऑलॉजी' हे पुस्तक लिहिलं. त्याचा युक्तिवाद साधा होता. माळरानावर दगड दिसला तर आपण विचारात पडत नाही. पण घड्याळ सापडलं, आतली चाकं आणि स्प्रिंग एकमेकांत नेमकी बसलेली दिसली, तर ते कुणीतरी विचार करूनच बनवलं असणार असं आपण म्हणतो. मग घड्याळाहून कितीतरी गुंतागुंतीचा डोळा? त्याचाही कर्ता असणारच.

इंजिनीअरला हा युक्तिवाद लगेच पटतो. आम्हाला शिकवलेलंही तेच असतं. आधी गरज, मग ड्रॉइंग, मग वस्तू. केंब्रिजमध्ये शिकताना खुद्द डार्विनलाही पेली आवडला होता. युक्लिडची भूमिती वाचताना जो आनंद होतो तसाच आनंद पेलीच्या तर्काने दिला, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे. म्हणजे पेलीला उत्तर देणारा माणूस त्याचा शत्रू नव्हता, चांगला वाचक होता.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने पेलीच्या आधीच या तर्कावर शंका घेतली होती. एखादं सुंदर जहाज पाहून आपण सुताराच्या बुद्धीला दाद देतो. पण कदाचित तो सुतार सामान्य असेल, आणि जहाजाची कला कित्येक पिढ्यांच्या चुका आणि दुरुस्त्यांमधून तयार झालेली असेल. त्याचं हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये आलं. पण ह्यूमकडे शंका होती, यंत्रणा नव्हती. चुका आपोआप गाळणार कोण?

ती यंत्रणा डार्विनने दिली. 'बीगल' जहाजावरचा पाच वर्षांचा प्रवास १८३६ मध्ये संपला, १८३८ मध्ये त्याने माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला आणि 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे पुस्तक २४ नोव्हेंबर १८५९ ला आलं. मधली वर्षं तो पुरावे गोळा करत होता, आणि त्यासाठी त्याने काय केलं, तर कबुतरं पाळली. लंडनच्या कबुतरबाजांच्या क्लबात जाऊन बसला. पुस्तकाचं पहिलं प्रकरण गॅलापागोसवर नाही, पाळीव प्राणी आणि वनस्पतींवर आहे. खिल्लार बैलाची पैदास करणारा शेतकरी कुठला वळू ठेवायचा हे जसं ठरवतो, तशीच निवड, पण इथे निवडणारा शेतकरी नाही. जागा कमी, खाणं कमी, जन्मणारे जास्त. प्रत्येक जण थोडा वेगळा. ज्याच्या वेगळेपणाचा त्या ठिकाणी, त्या वेळी उपयोग झाला त्याची पिल्लं जास्त जगली. बस, एवढंच. फक्त हे लाखो पिढ्या चालू द्यायचं.

'पण डोळ्यासारखी गोष्ट अशी कशी होईल?' हा आक्षेप आजही व्हॉट्सअॅपवर फिरतो. १९९४ मध्ये डॅन निल्सन आणि सुझान पेल्गर या स्वीडिश संशोधकांनी त्याचं गणित मांडलं. प्रकाश ओळखणाऱ्या पेशींच्या सपाट थरापासून सुरुवात. दर पायरीला फक्त एक टक्का बदल, आणि प्रत्येक बदलाने दृष्टी किंचित तरी सुधारली पाहिजे ही अट. १८२९ पायऱ्यांत माशाच्या डोळ्यासारखा, भिंग असलेला डोळा तयार झाला. अंदाज मुद्दाम निराशावादी ठेवूनही पिढ्या लागल्या चार लाखांहून कमी. पृथ्वीच्या हिशेबात हा वेळ काहीच नाही.

निसर्ग इंजिनीअर की गॅरेजवाला?

डिझायनर नसल्याचा सगळ्यात मजेदार पुरावा उत्तम डिझाइनमध्ये मिळत नाही, भोंगळ डिझाइनमध्ये मिळतो. आपल्या स्वरयंत्राकडे जाणारी डावीकडची एक नस मेंदूकडून थेट गळ्यात उतरत नाही. ती छातीपर्यंत जाते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. माणसात हा फेरा काही सेंटिमीटरांचा. जिराफात तो चार मीटरहून जास्त. डोकं आणि स्वरयंत्र यांत वीतभर अंतर, आणि नस मात्र पूर्ण मान उतरून पुन्हा चढते.

हे कुठल्याही ड्रॉइंग बोर्डवर पास झालं नसतं. कारण इतिहासात आहे. आपल्या माशासारख्या पूर्वजांमध्ये ही नस कल्ल्यांजवळ सरळ जात होती. मान लांबत गेली, हृदय खाली सरकलं, नस मात्र धमनीमागे अडकलेली राहिली. उत्क्रांतीला 'थांबा, वायरिंग नव्याने करू' असं म्हणता येत नाही. चालू गाडीतच दुरुस्ती करायची.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मित्रांना हे समजावून सांगावं लागत नाही. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली एक फाइल असते, ती का आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि काढली तर सगळं बंद पडतं. नोबेल मिळवणारे फ्रेंच जीवशास्त्रज्ञ फ्रान्स्वा जेकब यांनी १९७७ मध्ये हेच लिहिलं होतं, की उत्क्रांती इंजिनीअरसारखी काम करत नाही, हाताशी असलेल्या भंगारातून काम भागवणाऱ्या माणसासारखी करते. आपल्या भाषेत जुगाड. हायवेवरच्या गॅरेजात ट्रॅक्टरचा पार्ट जीपला बसवणारा मिस्त्री हा निसर्गाच्या जास्त जवळ आहे, ऑटोकॅडवर बसलेला मी नाही.

इथे एक शब्दाचाही घोळ आहे. 'उत्क्रांती'तला 'उत्' वर चढायला लावतो. जुन्या संस्कृत ग्रंथांत तर उत्क्रांती म्हणजे प्राणाचं शरीर सोडून वर जाणं. त्यामुळे मराठीत हा शब्द ऐकला की डोळ्यापुढे शिडी येते. खाली जंतू, वर आपण. डार्विनने १८३७ च्या वहीत जे चित्र काढलं ते शिडीचं नव्हतं, फांद्या फुटणाऱ्या झाडाचं होतं. आणि त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्द नाहीच. 'इव्हॉल्व्ह्ड' एवढा एकदा येतो, तोही पुस्तकाचा शेवटचा शब्द म्हणून.

कादंबरीत शिरलेला काळ

साहित्यावरचा परिणाम सांगायला एकच प्रसंग पुरेसा आहे. थॉमस हार्डीची 'अ पेअर ऑफ ब्लू आइज' ही कादंबरी १८७३ ची. तिच्यात हेन्री नाइट नावाचा शिकलासवरलेला माणूस समुद्राकाठच्या कड्यावरून घसरतो आणि हातांनी लटकून राहतो. डोळ्यांसमोर दगडात एक जीवाश्म आहे, ट्रायलोबाइट. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला, दगड झालेल्या डोळ्यांनी जणू त्याच्याकडे बघणारा. नाइटला भूगर्भशास्त्र कळतं, म्हणून त्याची भीती दुप्पट होते. हा प्राणीही कधीतरी जिवंत होता, आणि त्याच्या मरणाने कुठलीच योजना पूर्ण झाली नव्हती.

आधीच्या बऱ्याच कादंबऱ्यांत संकटाला अर्थ असायचा. लेखक देवासारखा वर बसून शेवटी हिशेब जुळवायचा. हार्डीच्या जगात योगायोग माणसाला वाचवतो किंवा मारतो, आणि त्यामागे कुणाचा हेतू नसतो. नाइट वाचतो तेही नायिका एल्फ्रिड अंगावरच्या कपड्यांचा दोर वळते म्हणून. म्हणजे जुगाडच!

एच. जी. वेल्सने शिडीच उलटी केली. तो लंडनमध्ये डार्विनचा खंदा समर्थक टी. एच. हक्सले याच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला होता. १८९५ च्या 'द टाइम मशीन'मध्ये त्याचा प्रवासी ८०२७०१ साली पोचतो. तिथे श्रीमंतांचे वंशज गोंडस, निर्बुद्ध इलॉय झाले आहेत, आणि कामगारांचे वंशज जमिनीखाली राहून त्यांनाच खाणारे मॉरलॉक. उत्क्रांती म्हणजे प्रगती, अशा गोड समजुतीत असलेल्या वाचकाला ही चपराक होती.

मराठीत या वाटेवर सर्वांत ठामपणे चाललेले लेखक म्हणजे माझ्या लेखी नंदा खरे. पेशाने सिव्हिल इंजिनीअर. 'कहाणी मानवप्राण्याची' या त्यांच्या पुस्तकाचं नावच सांगतं, की माणूस हा आधी प्राणी आहे. 'उद्या' या कादंबरीला साहित्य अकादमी मिळाला तेव्हा त्यांनी तो नाकारला, ही बातमी झाली. पुस्तकं मात्र त्या मानाने कमी वाचली गेली.

'बळी तो कान पिळी' हा डार्विन नव्हे

आता गैरवापराकडे. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द डार्विनचे नाहीत. हर्बर्ट स्पेन्सरने ते १८६४ मध्ये वापरले. आल्फ्रेड रसेल वॉलेसच्या आग्रहावरून डार्विनने ते १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतले आणि पस्तावण्याची पाळी पुढच्या पिढ्यांवर आली. कारण 'फिट' म्हणजे दणकट असं लोकांनी धरलं. मराठीत तर 'बळी तो कान पिळी' ही म्हण तयारच होती.

डार्विनच्या अर्थाने 'फिट' म्हणजे त्या त्या परिस्थितीत बसणारा आणि पिल्लं मागे ठेवणारा. पट्टकृमीला तोंड नाही, आतडं नाही. दुसऱ्याच्या आतड्यात राहून तो निवांत जगतो आणि भरपूर अंडी घालतो. तोही 'फिटेस्ट'च. कंपन्यांच्या टाउनहॉलमध्ये, कामगार कपातीच्या आदल्या दिवशी, मोटिव्हेशनल वक्ता डार्विनचा हवाला देतो तेव्हा मला हा जंत आठवतो.

पण हा विनोदाचा विषय राहिला नाही. डार्विनचाच नातेवाईक फ्रान्सिस गॉल्टन याने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द काढला. चांगल्या वाणाची माणसं वाढवा, वाईट वाणाची थांबवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, आणि विसाव्या शतकात तिथे ६० हजारांहून जास्त लोकांची अशी नसबंदी झाली. जर्मनीत पुढे काय झालं ते सांगायला नको. यातली तर्कातली चोरी बघा. निसर्गात निवडणारा कुणी नाही, हा डार्विनचा मुद्दा. युजेनिक्सवाल्यांनी गुपचूप त्या रिकाम्या खुर्चीत स्वतःला बसवलं.

महाराष्ट्रातही स्पेन्सर आधी आला, डार्विन मागून. आगरकरांच्या वाचनात मिल आणि स्पेन्सर होते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त सांख्यदर्शनाची चर्चा करताना डार्विन आणि हेकेल यांची नावं येतात. दोघांनी हे विचार आपापल्या कामाला लावले. पण सगळ्यात दूरगामी धागा वेगळ्याच दिशेने आला, न्यूयॉर्कमार्गे.

कोलंबियातला वर्ग आणि पंचविशीतला विद्यार्थी

जॉन ड्यूई हा अमेरिकन तत्त्ववेत्ता जन्मला १८५९ मध्ये, डार्विनचं पुस्तक आलं त्याच वर्षी. १९०९ मध्ये, पुस्तकाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्याने डार्विनचा तत्त्वज्ञानावरचा प्रभाव या विषयावर कोलंबिया विद्यापीठात व्याख्यान दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ग्रीकांपासून दोन हजार वर्षं विचारवंतांनी धरून ठेवलं, की जे स्थिर, अचल तेच खरं आणि श्रेष्ठ. बदल म्हणजे उणीव. 'स्पीशीज' हा शब्दही मुळात कायमच्या, ठरलेल्या साच्यासाठी होता. त्या साच्यालाच 'ओरिजिन', म्हणजे सुरुवात आणि इतिहास असतो, असं डार्विनने पुस्तकाच्या नावातच म्हटलं. ड्यूईच्या मते आता प्रश्नच बदलायला हवेत. 'हे कशासाठी निर्माण झालं?' ऐवजी 'हे कसं घडत गेलं, आज काय परिणाम करतं आणि त्यात काय सुधारता येईल?'

१९१३ मध्ये याच विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकायला गेले. ड्यूई त्यांचे शिक्षक. मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. निबंधाच्या नावातच जातींची यंत्रणा, उगम आणि विकास हे तीन शब्द आहेत. त्यात त्यांनी असं मांडलं, की जात मनूने बनवली नाही. एवढी मोठी व्यवस्था एक माणूस लिहून लादू शकत नाही. ती आधीपासून होती, मनूने फक्त तिला नियमांचं रूप दिलं. एका गटाने लग्नाचे दरवाजे आतून बंद केले, इतरांनी त्याचं अनुकरण केलं, आणि ज्यांनी केलं नाही त्यांच्यासमोर दरवाजे आपोआप बंद झाले.

आंबेडकरांनी हे थेट डार्विनकडून घेतलं असं म्हणणं ओढूनताणून होईल. निबंधात आधार समाजशास्त्राचा आहे. पण मांडणीचा घाट पाहा. पुरुषसूक्तातल्या कल्पनेनुसार समाज हे एका देहातून घडलेलं शरीर. मुख, बाहू, मांड्या, पाय. प्रत्येक अवयवाची जागा कर्त्याने ठरवलेली. तो पेलीच्या घड्याळाचाच युक्तिवाद आहे, फक्त घड्याळाच्या जागी समाज. त्याला उत्तर देताना हा विद्यार्थी म्हणतो, घड्याळजी शोधू नका, यंत्रणा शोधा.

डिझायनर नाही म्हणजे कुणी जबाबदार नाही, असा अर्थ त्यांनी काढला नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि प्रत्यक्षात कधीच न झालेलं भाषण पुस्तकरूपात आलं, 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात ते ड्यूईंचं ऋण मान्य करतात. भूतकाळातून आलेलं सगळंच सांभाळायचं नसतं, त्यातलं काय पुढे न्यायचं हे समाजाने ठरवायचं असतं, हा ड्यूईंचा विचार ते जातीला लावतात. आणि जात म्हणजे वंश शुद्ध ठेवण्याची शास्त्रीय पद्धत, असं युजेनिक्सच्या भाषेत सांगणाऱ्यांनाही ते तिथेच उत्तर देतात : जाती वंशानुसार पडलेल्या नाहीत, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत. म्हणजे देवाने घडवलं हा दावा १९१६ ला फेटाळला, आणि निसर्गाने घडवलं हा दावा १९३६ ला.

'सिस्टीमने ठरवलं' म्हणजे कुणी ठरवलं?

१८६३ मध्ये न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या 'द प्रेस' या वर्तमानपत्रात टोपणनावाने एक पत्र छापून आलं. लेखक होता सॅम्युअल बटलर, तेव्हा तिथे मेंढ्या पाळणारा. डार्विनचं पुस्तक येऊन चार वर्षं होत नाहीत तोवर त्याने विचारलं, यंत्रांचीही उत्क्रांतीच चालू नाही का? आपण त्यांना दुरुस्त करतो, वाढवतो, आणि एक दिवस घोडा किंवा कुत्रा जसा आपला, तसे आपण त्यांचे होऊ. त्याने अर्ध्या गमतीत यंत्रांविरुद्ध युद्धच पुकारलं. आज एआयवरचे अर्धे अग्रलेख याच पत्राची लांबलेली आवृत्ती वाटतात.

पण प्रत्यक्ष धडा जास्त बारीक आहे. १९९६ मध्ये ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्प्सन यांनी एका प्रोग्रॅमेबल चिपवर सर्किट 'उत्क्रांत' केलं. काम सोपं : एक किलोहर्ट्झ आणि दहा किलोहर्ट्झ हे दोन सूर वेगळे ओळखायचे. वापरायला फक्त १०० सेल, घड्याळाचा सिग्नलही नाही. हजारो पिढ्यांनंतर सर्किट चोख चाललं. उघडून पाहिलं तर काही सेल आउटपुटशी कुठल्याच तारेने जोडलेले नव्हते. पण ते बंद केले की सर्किट बिघडायचं. त्या एका चिपच्या सिलिकॉनमधल्या बारीकसारीक गुणधर्मांचा फायदा उत्क्रांतीने उचलला होता. तेच सर्किट दुसऱ्या चिपवर टाकलं की आधीसारखं चालेना. मागितलं तेवढं अचूक मिळालं, पण ते कसं चालतं याचं ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं.

आजची एआय मॉडेल डार्विनच्या पद्धतीने बनत नाहीत, त्यांचं गणित वेगळं आहे. पण एक गोष्ट समान आहे. नियम कुणी ओळीने लिहीत नाही, चाचणी ठरवली जाते आणि तिच्यात पास होईल ते टिकतं. कर्जाचा अर्ज नाकारला जातो, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचं रेटिंग घसरतं, कारण विचारलं की उत्तर येतं, 'सिस्टीमने ठरवलं.' जणू जिराफाची नस!

नाही. निसर्ग आणि सिस्टीम यांत एक मोठा फरक आहे. जिराफाची चाचणी कुणी ठरवली नव्हती. 'नासा'च्या अँटेनाची ठरवली होती, आणि ठरवणाऱ्यांनी ती लिहून ठेवली होती. कर्जाच्या मॉडेलचीही कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरते : कशाला यश म्हणायचं, कुठला डेटा घ्यायचा, कुणाचं नुकसान चालेल. आकार कुणी काढला नसेल, कसोटी मात्र कुणीतरी लावली आहे. ग्राहकाने, पत्रकाराने, न्यायालयाने विचारायचा प्रश्न तो आहे, आणि तो विचारायला आधी हे ठाऊक असावं लागतं, की रचना विनाआराखड्याची असू शकते. ते शिकवणारा शाळेतला एकमेव धडा उत्क्रांतीचा होता.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ पासूनच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकाचा पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, हे त्यातल्या त्यात बरं. पण अकरावीत जीवशास्त्र सोडून बायफोकलला आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं आणि सीईटीच्या मागे लागायचं, ही इंजिनीअरिंगची ठरलेली वाट. आमच्या अंतिम वर्षाला 'सॉफ्ट कॉम्प्युटिंग' विषयात जेनेटिक अल्गोरिदमचं युनिट होतं. सिलेक्शन, क्रॉसओव्हर, म्युटेशन. सरांना आधी अर्धा तास क्रोमोसोम म्हणजे काय हे सांगावं लागलं, कारण बहुतेकांनी तो शब्द दहावीनंतर ऐकला नव्हता. तरी आम्ही दहावीत तो वाचला तरी होता. २०२३-२४ मध्ये दहावीला 'एनसीईआरटी'चं नवं पुस्तक वापरणाऱ्यांपैकी जे इंजिनीअरिंगला जातील, त्यांच्यासमोर हे युनिट साधारण २०२९-३० मध्ये येईल, आणि नैसर्गिक निवड हा शब्द त्यांच्यातले बरेच जण वर्गात पहिल्यांदाच ऐकत असतील.